एकविसावा माणूस

बसच्या शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उतरला तेव्हा रविवारची टोळी आधीच जमली होती. गेले आठ महिने तो आला नव्हता. त्याला बघून बोलणं थांबलं. कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कोणी बाटली उघडून तहान नसताना पाणी प्यायलं. बायको गेलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते कुठे शिकवत नाहीत.

शेवटी वायरमन पुढे आला. हा माणूस आडव्या अंगाचा, आणि त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं.

"या. तिकीट काढलंत का?"

"पास आहे," कंडक्टर म्हणाला.

"दाखवा."

"डोक्यावर बघा. एक तरी केस काळा दिसतोय का?"

तेवढ्यावर भागलं. लोक हसले, पाण्याच्या बाटल्या बंद झाल्या, आणि टोळीचा गलका पुन्हा सुरू झाला.

एकतीस वर्षं तो बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी टोळीत त्याला त्याच नावानं ओळखत. टोळी म्हणजे वीस-बावीस माणसं. बहुतेक पन्नाशीच्या पुढची, कोणाचा गुडघा, कोणाची साखर, कोणाला घरात करमत नाही. डोंगर चढून जाणं यांचं काम नव्हे. शहराबाहेर बस जिथे संपते तिथून निघायचं, कालव्याच्या कडेनं, नदीच्या काठानं, टेकडीच्या कुशीतून सपाट वाटांवर चालायचं, एखाद्या बागेत बसून डबे खायचे आणि बसनं घरी यायचं, एवढाच कार्यक्रम. वाट सोपी हवी, ही एकच अट. सोपी म्हणजे कशी, ते कंडक्टरच्या बायकोनं पूर्वीच ठरवून दिलं होतं. जिच्यावर चालता चालता भांडता येतं ती सोपी. भांडण अर्धवट टाकून श्वास घ्यायला थांबावं लागलं, की ती अवघड, तिकडे जायचं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं.

टोळीच्या पुढे सिस्टर असायच्या. मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या, आवाज असा की झोपलेला रोगी उठून बसावा. आणि सगळ्यांच्या मागे कंडक्टर. त्या जागेला टोळीत 'शेपूट' म्हणत. शेपटाचं काम असं, की आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही, आणि निघताना माणसं मोजून आकडा सिस्टरना सांगायचा. हजेरीची वही नव्हती. ज्याला जमेल त्यानं यावं, सोबत कोणाला आणायचं तर आणावं. त्यामुळे दर रविवारी आकडा वेगळा, आणि तो आकडाच काय तो भरवशाचा.

"शेपूट तुमचंच आहे बरं का," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही नव्हतात तर मास्तरांना दिलं होतं. दोनदा माणूस मागे राहिला."

"एकदाच," निवृत्त मास्तर म्हणाले.

"दुसऱ्यांदा तुम्हीच राहिलात, ते नाही धरत?"

"मी सगळ्यांना नीट मोजलं होतं," मास्तर म्हणाले. "स्वतःला मोजायचं राहिलं. बागेत आकडा बरोबर भरला, कोणाला कळलंच नाही मी कालव्यावर बुटातला खडा काढतोय ते."

कंडक्टरला आतून बरं वाटलं. आठ महिन्यांत त्याच्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. लेक रोज फोन करायची, पण ती विचारायची ते जेवलात का, झोपलात का. हे करून द्या, असं कोणी म्हटलं नव्हतं. डबा एकट्यापुरता करायला तो शिकला होता, एकट्यापुरता चहा करायलाही, पण त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. आज सकाळी बूट घालताना त्यानं मनाशी ठरवलं होतं, शेपूट दुसऱ्याकडे गेलं असेल तर त्याच बसनं परत फिरायचं. ते त्याच्यासाठी ठेवलेलं होतं.

कालव्याच्या फाटकाशी तो उभा राहिला आणि एकेक जण आत जाऊ लागला. तो बोट दाखवून मोजत नसे. बोट दाखवलं की माणसं अंग चोरतात, हे त्याचं मत. नुसती नजर फिरवायची, ओठ हलवायचे, झालं. हलत्या बसमध्ये, उभे, बसलेले, दारात लोंबकळणारे, सगळे तो असे मोजायचा.

"किती हो?" पुढून सिस्टर ओरडल्या.

"एकवीस!"

"एकवीस," सिस्टरनी घोकलं आणि टोळी निघाली.

दिवस चांगला होता. ऊन होतं पण बोचरं नव्हतं. कालव्याच्या कडेचं गवत नुकतंच कापलेलं होतं, त्याचा ओला वास येत होता. पाण्यावर चार बदकं होती, त्यांना कसली घाई नव्हती. फाटकाशी पाटी होती, 'सोपी वाट, बागेपर्यंत दीड तास'. टोळीला ही वाट कधी अडीच तासांच्या आत संपली नव्हती. वायरमन म्हणायचा, पाटी लावणारा माणूस मुका असणार.

कंडक्टरच्या पुढे दोघी चालत होत्या. एक टेलरकाकू, जुन्या. दुसऱ्या वाचनालयात काम करणाऱ्या एक ताई, तीन महिन्यांपूर्वी टोळीत आलेल्या. त्यांना कंडक्टर माहीत नव्हता.

"तुम्ही पहिल्यांदाच आलात का?" ताईंनी मागे वळून विचारलं.

"नाही. परत आलोय."

टेलरकाकूंनी ताईंचा दंड हळूच दाबला. ताई पुढे बघून चालू लागल्या. कंडक्टरनं ते बघितलं आणि बदकांकडे मान वळवली. टेलरकाकूंचं चुकलं नव्हतं. सांगावं कोणी, आणि कसं.

कालवा संपला की बंधारा, बंधाऱ्यापासून टेकडीच्या कुशीतली वाट, आणि मग नदीवरचा पायी चालण्याचा पूल. पूल अरुंद. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. पलीकडे नदीकाठची बाग, बाकडी, चहाची टपरी, आणि रविवारच्या दुपारी पतंगासारखी पळणारी लहान मुलं. सिस्टर नेहमी आधी पूल ओलांडून पलीकडच्या तोंडाशी उभ्या राहत. येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत. सवय दवाखान्यातली. तिथं रोग्याला हात लावल्याशिवाय त्याचं औषध नोंदलं जात नसे.

कंडक्टर शेवटी पूल उतरला. सिस्टरनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि हात तिथेच राहिला.

"वीस," त्या म्हणाल्या.

"एकवीस," कंडक्टर म्हणाला.

"माझ्यासकट वीस. मागे कोण आहे?"

"माझ्या मागे कोणी नाही."

सिस्टरनी पुन्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं. पुन्हा वीस.

"जो आलेला नाही त्यानं हात वर करा," वायरमन म्हणाला. कोणी हसलं नाही.

"कदाचित मोजताना," मास्तरांनी सुरुवात केली.

"मास्तर, एकतीस वर्षं," कंडक्टर म्हणाला. आवाज चढला होता. "दिवसाला सहा फेऱ्या. माझ्या गाडीत एक माणूस जास्त निघाला नाही आणि कमी निघाला नाही. तुम्ही मला मोजायला शिकवणार?"

मास्तर मागे सरकले. स्वतःला कालव्यावर विसरलेला माणूस आणखी काय बोलणार.

मग कोण नाही, याचा शोध सुरू झाला. आज पाच-सहा चेहरे नवे होते. कोण कोणाबरोबर आलं, हेच कोणाला धड सांगता येईना. टेलरकाकू म्हणाल्या, निळ्या टोपीवाले एक गृहस्थ होते ना? दोघातिघांना लगेच निळी टोपी आठवली. एकाला ते गृहस्थ जरा लंगडत होते असं आठवलं. दुसऱ्याला आठवलं, की बंधाऱ्यावर त्यांनी पाणी मागितलं होतं आणि चेहरा ओढलेला दिसत होता. पाच मिनिटांत त्या माणसाला टोपी, लंगडा पाय आणि रक्तदाब मिळाला. दहा मिनिटांत तो स्वभावानं तापट असल्याचंही कळलं. फक्त त्याच्याशी बोललेलं कोणी सापडेना.

"बंधाऱ्यापाशी शेवाळ आहे," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी कामं वाटली. चौघं टेकडीच्या वाटेनं, तिघं काठाकाठानं झुडपं बघत, वायरमननं बागेच्या रखवालदाराला गाठायचं. कंडक्टर कोणी सांगायची वाट न बघता पुलावर चढला होता.

"मी मागे जातो. शेपूट माझं होतं. हरवलेलं माणूस माझं."

तो झपाझप चालला. आपण असे चालू शकतो, हे तो विसरला होता. बायकोबरोबर चालताना कधी असं चालावं लागलं नव्हतं. टेकडीच्या कुशीत त्यानं एकदाच "अहो!" अशी हाक मारली. नाव माहीत नसलेल्या माणसाला आणखी काय हाक मारणार? बंधाऱ्याकडे जाणारी वाट डावीकडे होती. तो उजवीकडे वळला, तीन पायऱ्या उतरला, मोठ्या झाडाच्या मागे गेला. तिथं वाटेवरून न दिसणारं एक दगडी बाकडं होतं. त्यावर कोणी नव्हतं. पानं पडली होती.

तो दम खात उभा राहिला. आणि मग त्याला प्रश्न पडला, की आपण इथे का आलो.

माणूस पाण्यात पडल्याची भीती होती. बंधारा डावीकडे होता. कोणीही शहाणा माणूस आधी डावीकडे गेला असता. तो मात्र थेट इथे आला होता. हरवलेलं माणूस इथेच सापडणार, याची त्याला खात्रीच होती. बायको दर वेळी याच बाकड्यावर बसायची. म्हणायची, बुटात काहीतरी टोचतंय. बूट काढायची, झटकायची, त्यातून कधी काही पडायचं नाही. तिला दम लागलेला असायचा आणि ते कबूल करायचं नसायचं. तोही म्हणायचा, बघ, नीट बघ, असेल खडा. सात-आठ मिनिटं बसून झाली की ती म्हणायची, गेला वाटतं. मग दोघं उठायची.

कंडक्टर बाकड्यावर टेकला. पानं बाजूला सारायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानं सकाळचं फाटक आठवलं आणि पुन्हा मोजलं. सिस्टर सगळ्यांत पुढे, एक. वायरमन दोन, मास्तर तीन, असं करत टेलरकाकू अठरा, वाचनालयाच्या ताई एकोणीस. एकोणीस आणि...

आकडा तिथेच अडला.

गाडीत असताना थांब्यावरचा साहेब खिडकीशी येऊन विचारायचा, किती? तेव्हा तो आधी उतारू मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, आणि आम्ही दोघं. म्हणजे तो आणि ड्रायव्हर. एकतीस वर्षं. मग निवृत्त झाला, टोळीत आला, तेव्हा सगळ्यांच्या मागे दोघं चालायची, तो आणि ती. समोरची माणसं मोजायची, आणि आम्ही दोघं. मोजणी 'आम्ही दोघं' म्हटल्याशिवाय संपतच नसे. कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघावं, तसं ते होतं. हात आपसूक करतो, डोकं विचारत नाही. आज सकाळी त्यानं एकोणीस मोजले आणि ओठ हलवले, आणि आम्ही दोघं. एकवीस.

म्हणजे निळी टोपी नव्हती. लंगडा पाय नव्हता. तो तिला शोधायला आला होता.

त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटलंही. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी वाटलं आणि त्याची त्याला लाज वाटली. वाटलं की आता शेपूट गेलं. जो माणूस मेलेल्या बायकोला मोजतो, त्याच्या हाती वीस जिवंत माणसं कोण देईल? उद्यापासून सगळे हळू आवाजात बोलतील. काका, तुम्ही मधे चाला. काका, तुम्ही बसा. काकांच्या हातात पिशवीसुद्धा देणार नाहीत.

फोन वाजला. सिस्टर होत्या.

"सापडला का?"

"नाही."

"रखवालदार म्हणतोय बोटवाल्यांना बोलावतो. गळ टाकून बघतील. दहा मिनिटांत येतील. नाव काय ते विचारतायत, काय सांगू?"

"सिस्टर, बोट नको," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाण्यात कोणी नाही. नक्की. मी येतो आणि सांगतो. पण बोट बोलावू नका."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर त्याच्या हातात पूल येईपर्यंतची पंधरा मिनिटं होती. तेवढ्या वेळात त्यानं एक खोटं तयार केलं. चांगलं होतं, टिकाऊ होतं. बंधाऱ्याच्या अलीकडे एक बाई भेटली, ती म्हणाली, निळ्या टोपीवाला एक माणूस मागे फिरला, बसकडे गेला, पाय दुखतोय म्हणत होता. संपलं. कोणाचं नुकसान नाही. माणूस घरी, टोळी निर्धास्त, आकडा बरोबर, कंडक्टर बरोबर. उलट लोक म्हणतील, बघा, यांनी मोजलं म्हणून कळलं तरी.

पूल उतरला तेव्हा सगळे परत येऊन उभे होते. टेकडीवर गेलेल्यांचे चेहरे लाल झाले होते. एकाच्या हाताला झुडपानं ओरखडून रक्त आलं होतं. टेलरकाकू गवतात बसून पोटऱ्या चोळत होत्या. वायरमन घामानं निथळत होता. कंडक्टर काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "घरी गेला ना? मी म्हणतच होतो. ती निळी टोपी मला आधीपासून भरवशाची वाटली नव्हती."

खोटं आयतं ताटात वाढलं होतं. त्याला बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवायची.

त्यानं त्या ओरखडलेल्या हाताकडे बघितलं.

"निळी टोपी नव्हतीच," तो म्हणाला. "कोणी हरवलं नाही. आपण वीसच निघालो होतो. मी चुकलो."

"चुकलात?" मास्तर म्हणाले. त्यांना हे पचायला जड गेलं.

"मी पुढचे एकोणीस मोजले आणि सवयीनं म्हटलं, आणि आम्ही दोघं." तो थांबला. मग एका दमात बोलून टाकलं. "हिला धरलं मी. फाटकाशी मला कळलं नाही. मघाशी तिच्या बाकड्यावर जाऊन बसलो तेव्हा कळलं. तुम्ही सगळे तासभर उन्हात पळालात, ते माझ्यामुळे. शेपूट आता दुसऱ्या कोणाला तरी द्या."

पाण्याचा आवाज येत होता. वाचनालयाच्या ताईंनी टेलरकाकूंकडे बघितलं, टेलरकाकूंनी पदरानं डोळे पुसले. कंडक्टर मनात म्हणाला, झालं, आता सुरू होणार हळू आवाज.

वायरमननं कपाळावरचा घाम निपटला.

"म्हणजे आम्ही तासभर वहिनींना शोधत होतो?"

"हो."

"अहो, मग आधी सांगायचं! त्या जिवंतपणी कधी वेळेवर सापडल्या होत्या का? मी स्वतः त्यांना एकदा पाऊण तास शोधलं, तर त्या एका अनोळखी माणसाच्या अंगणात बसून त्याच्या सुनेची बाजू घेऊन त्याच्याशी भांडत होत्या."

क्षणभर सगळे कंडक्टरकडे बघत राहिले. कंडक्टरच्या गळ्यातून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे बघत बसायला कोणाला वेळ नव्हता, कारण तोवर सगळेच हसत होते. ज्याच्या हाताला ओरखडा होता तो म्हणाला, "हा ओरखडा वहिनींच्या नावावर लिहा."

"आणि तो रक्तदाब?" मास्तर म्हणाले. "रक्तदाब कोणी दिला त्या माणसाला?"

"मी नाही," टेलरकाकू म्हणाल्या. "मी नुसती टोपी दिली."

सिस्टर हसल्या नव्हत्या. त्या कंडक्टरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"शेपूट द्या म्हणता. कोणाला देऊ? मास्तरांना?"

"माझ्याकडून चूक झाली सिस्टर. लहान चूक नाही."

"नाही, लहान नाही. बोट आली असती, नदीत गळ पडले असते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू नव्हता, आणि त्यानं कंडक्टरला बरं वाटलं. "माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी मी एका खाटेचं इंजेक्शन दुसऱ्या खाटेला दिलं. रोगी वाचला, पण दोन दिवस मी जेवले नाही. मोठ्या सिस्टरांना म्हटलं, मला वॉर्डातून काढा. त्या म्हणाल्या, काढलं तर तू तिकडे जाऊन हेच करशील. इथेच राहा, आणि आजपासून सुई टोचायच्या आधी रोग्याचं नाव मोठ्यानं उच्चार. शेजारच्याला ऐकू जाईल इतकं. एकवीस वर्षं मी नावं ओरडले. लोक हसायचे. पुन्हा चूक झाली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ओठ हलवून मोजणं बंद. फाटकाशी उभं राहून मोठ्यानं मोजायचं, ज्याचा आकडा त्यानं हो म्हणायचं. शेवटचा आकडा तुमचा. जमणार असेल तर शेपूट तुमचं. नसेल तर सांगा, मग मी मास्तरांना देते आणि देवाचं नाव घेते."

कंडक्टरला मोठ्यानं मोजणं पसंत नव्हतं. लोक अंग चोरतात, हे त्याचं मत कायम होतं. पण त्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर आशेनं उभे होते.

"जमेल," तो म्हणाला.

"मग चला. चहा संपला असेल तर सगळ्यांना पाणी पाजेन मी."

चहा संपला नव्हता. बागेतली सावलीची बाकडी मात्र गेली होती, म्हणून टोळी काठावरच्या उतारावर गवतात बसली. डबे उघडले. पाव, उकडलेली अंडी, केळी, कोणाच्या डब्यात कालचा भात. समोर नदी रुंद आणि संथ होती. एक लहान मुलगी काठाशी चपला हातात घेऊन उभी होती आणि पाण्यात पाय घालू की नको, याचा विचार करत होती. तिची आई लांबून नको म्हणत होती. बाप हो म्हणत होता.

कंडक्टरनं डबा उघडला. दोन पाव, एक अंडं. एकट्यापुरता. भूक सडकून लागली होती. शेजारच्या डब्यातलं दुसरं अंडं कोणीतरी न विचारता त्याच्या डब्यात ठेवलं, तेही त्यानं खाल्लं.

वाचनालयाच्या ताई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. पलीकडून टेलरकाकू त्यांना डोळ्यांनी खुणा करत होत्या, की विचारू नका. ताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी त्यांना बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "पण अर्धा तास झुडपांमधून शोधलंय. कशा होत्या हो?"

आठ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. दुखणं काय होतं, शेवटी त्रास झाला का, किती दिवस होत्या दवाखान्यात, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कशी होती, हे कोणी नाही. जे तिला ओळखत होते त्यांना विचारायची गरज नव्हती. जे ओळखत नव्हते ते घाबरत.

"भांडकुदळ," कंडक्टर म्हणाला.

ताई हसल्या. "भेटलात कुठे?"

"गाडीतच. तिकीट हरवलं म्हणाली. मी तेव्हा नवा होतो, कडक होतो. म्हटलं, दुसरं काढा नाहीतर उतरा. ती उतरली. रागानं चालत चालत थेट आमच्या आगारात गेली, माझी तक्रार करायला. तक्रारी लिहून घेणारा कारकून त्या दिवशी रजेवर. मी फेरी संपवून पोचलो तर साहेब म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे, बस त्या टेबलाशी, बाईंची तक्रार लिहून घे."

"तुमचीच?"

"माझीच. तिनं तोंडावर सांगितली, मी लिहिली. उद्धट, असं ती म्हणाली. मी 'कडक' लिहिलं. ती कागदावर वाकून म्हणाली, हे मी म्हटलं नाही. खोडा आणि उद्धट लिहा."

वायरमन हातातलं केळं तसंच धरून जवळ सरकला. त्याच्यामागून टेलरकाकू आल्या. ही गोष्ट त्यांनीही ऐकलेली नव्हती. बायकोच्या तोंडून सगळ्यांनी ऐकली होती ती वेगळी होती, तिच्यात तिकीट हरवलेलंच नव्हतं.

"मग?" ताई म्हणाल्या.

"मग काय, लिहिलं उद्धट. म्हटलं, सही करा. ती म्हणाली, आधी सगळं वाचून दाखवा, तुमचा भरवसा नाही."

नदीपलीकडच्या रस्त्यावरून साडेतीनची बस गेली. याच बसनं टोळी नेहमी परत जायची. कंडक्टरला ती दिसली. पुढची सव्वाचारला होती. त्यानं चहाचा घोट घेतला आणि ती तक्रार कशी वाचून दाखवली, ते सांगायला लागला.